गुर्द्याचं औषध

७ फेब्रुवारी, शुक्र.
जुम्मा करून आलो, पाण्याचा टँकर धुतला. मामूंचे पाय आज जास्तच सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो, मळलेल्या पिठात पडावा तसा. म्हटलं, क्लच दाबताना दुखत असेल ना. तर म्हणाले, "टँकर मी चालवतोय, तू नाय." झालं, बोलणं संपलं.
खरंच आहे. हेवी लायसन त्यांचं. मी नुसता पाइप लावणारा. ओमानला आल्यापासून रुवीत मोबाईलच्या दुकानात टिकलो नाही, सोहारला कारखान्यात टिकलो नाही. दोन्हीकडून मामूंनीच सोडवून आणला आणि इथे इब्रीत स्वतःच्या बाजूच्या सीटवर बसवला. आईचा भाऊ म्हणून. दुसऱ्या कोणी कान धरून विमानात घातला असता.
इथेही कंटाळा येतोच. पण ते लिहून काय होणार.

१० फेब्रु., सोम.
क्लिनिकला नेलंच शेवटी. मल्याळी डॉ.ने रिपोर्ट बघितला. मग मामूंकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला लागला. दोन्ही किडन्या बऱ्याच गेल्यात. निझवाला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, चिठ्ठी देतो, २६ तारखेला जायचं. मीठ बंद. गोळ्या चालू. आणि जमलं तर गावी जा, डायलिसिसचं मशीन लागणार, आज नाही तर उद्या.
मामू बाहेर येऊन टँकरमध्ये बसले, चावी लावली, फिरवली नाही.
"घरी सांगायचं नाय."
"बरं."
"अर्बाबला सांगायचं नाय. चावी काढून घेईल." अर्बाब म्हणजे आमचे ओमानी मालक, टँकर त्यांचा.
"मामू, पण निझवा..."
"उस्मानला बघितलास ना तू?"
बघितलंय. उस्मानमामा म्हणजे मामींचा भाऊ. हप्त्यातून तीनदा पनवेलला मशीनवर. हाताला नळ्या, गाठी आलेल्या. बाकीचे दिवस ओट्यावर बसून रस्ता बघायचा. कोणी हाक मारली तरी मान वळवायचा नाही. मामू म्हणतात, मशीनला लागला तो मशीनचाच झाला, घरच्यांचा नाय राहिला. त्याची मयत झाली तेव्हा मामींच्या घरात कोणी मोठ्याने रडलंसुद्धा नाही. सगळे आधीच रडून संपले होते.

१४ फेब्रु., शुक्र.
साइटला पाणी घेऊन जाताना मामूंनी एकदम ब्रेक मारला. मला वाटलं पाय गेला. तर बोट दाखवतायत काचेतून.
"इम्त्या, शेवळं बघ."
रस्त्यापासून थोडं आत, वाळूतून वर आलेले जाडजूड कोंब. पान नाही, फांदी नाही, नुसता दांडा सरळ वर, पिवळा, टोकाला जांभळट. आपल्याकडे आगोटीला, पावसाच्या तोंडावर, कातकरणी भाजीला टोपलीतून आणतात ना, अगदी तसं. दोघं उतरलो. मामू गुडघ्यावर बसले आणि हातांनी वाळू उकरायला लागले. इतके दिवसांनी तोंडावर हसू बघितलं. म्हणे कोलीम, ती बारीक सुकट, घालून करूया. मी म्हटलं, खाज मारायला काकडाची फळं कुठून आणणार, घसा धरेल सगळ्यांचा. तर म्हणे लिंबू पिळू, चिंच घालू, खाज आली तर जमालला आधी येईल, पहिला घास त्याचाच असतो. जमाल आमच्या रूमवरचा बांगलादेशी, केस कापतो, दुसऱ्याच्या ताटात बघत जेवतो.
उकरत गेलो तर संपेचना. हातभर खाली. खालचा भाग मुळ्यासारखा जाड, खवले खवले. आणि शेवटी बघतो तर बाजूच्या झुडपाच्या मुळाला चिकटलेला. स्वतःचं मूळच नाही.
मामू म्हणाले, "शेवळं नाय रे हे. बांडगूळ हाय. जमिनीतलं."
मग खाण्याचा विषय गेला. एक मोठा कोंब मी उगाच डॅशबोर्डवर ठेवला.
अब्बा मला बांडगूळ म्हणायचे. मामूंना माहीत आहे.

१५ फेब्रु., शनि.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
सोलरच्या कॅम्पवर पाणी उतरवत होतो. तिथला स्टोअरवाला लिऊ, चिनी आहे, पावतीवर सही करतो. "हलो फ्रेंड"च्या पुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही. आज काचेतून तो कोंब बघितला आणि दार उघडून आतच घुसला. हातात घेतला, नखाने खरवडला, वास घेतला, डोळे मिटले. मग फोन काढून त्यात चिनीत बोलला आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनमधली बाई हिंदीत बोलली:
"यह रेगिस्तान की बहुत मूल्यवान औषधि है। यह गुर्दे को बलवान बनाती है। पुरुषों के लिए सर्वोत्तम।"
मी परत लावायला सांगितलं. गुर्दे. परत लावलं. गुर्दे.
माझ्या हातातून पाइप सुटला. पाणी वाळूत.
कोणासाठी पाहिजे, लिऊने विचारलं. मी केबिनकडे बोट केलं. मामू स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपले होते. लिऊ हसला, माझ्या पाठीवर थाप मारली. करायचं कसं तेही सांगितलं. पातळ चकत्या करायच्या, दारूत भिजवून वाफवायच्या, वाळवायच्या. दारू नाही चालणार म्हटलं. मग मीठ लावून. मीठ पण नाही चालणार. त्याने खांदे उडवले, मग नुसतं उन्हात.
माणूस चांगला वाटला. सही करताना पण हसत होता.

१६ फेब्रु., रवि.
मामूंना सांगितलं. म्हणाले, "चिनी लोक जडीबुटीत हुशार असतात. ऐकलंय मी." थोड्या वेळाने परत, "गुर्दा म्हणाला? किडनीच ना?" गुर्दाच म्हणाला. "मशीन लागणार नाय असं पण म्हणाला?"
मी हो म्हटलं.
असं काही तो म्हणाला नव्हता.

२० फेब्रु., गुरु.
चकत्या वाळल्या. गच्चीवर पत्र्यावर टाकल्या होत्या, लाकडासारख्या तपकिरी झाल्या. पाण्यात उकळून एक कप दिला. खारट, गोडसर, चिखलाचा वास. मामू डोळे मिटून प्यायले, कप उलटा करून दाखवला.
जमाल विचारत होता, ये कौनसा चाय है. मी म्हटलं गुर्दे का. तर खिदळायला लागला. कशाला ते तेव्हा कळलं नाही.

२३ फेब्रु., रवि.
फरक आहे. पोट रोज साफ होतंय, जे किती दिवस नव्हतं. मामू म्हणतात अंग हलकं वाटतं. पाय मला थोडे कमी वाटले. मामींना फोन केला त्यांनी, मोठ्याने बोलत होते, मुलीच्या अभ्यासाचं विचारलं, शेजाऱ्यांच्या गायीचं विचारलं. फोन ठेवून मला म्हणाले, "इम्त्या, तू नसतास तर मी फुकट मेलो असतो."
मला असं कोणी कधी म्हटलेलं नाही. सातवी नापास झालो तेव्हापासून तर नाहीच.
शुक्रवारी अजून उकरून आणू. त्या पट्ट्यात खूप आहे.

२६ फेब्रु., बुध.
निझवा आज होतं. गेलो नाही. मी सकाळी एकदाच म्हटलं. मामू म्हणाले बरं वाटतंय तर कशाला, आत गेलं की धरून ठेवतात.
मी जोर केला नाही. खरं म्हणजे मलाही बघायचं होतं, माझं औषध चालतं का.

१ मार्च, शनि.
पहिला रोजा. डॉ. नको म्हणाला होता. मामूंचं म्हणणं, रोजा म्हणजे किडनीला आराम, दिवसभर काम नाही. ऐकायला बरोबर वाटतं.
गोळ्यांचं पाकीट गादीखाली सापडलं. भरलेलं. विचारलं तर म्हणाले, दोन औषधं एकत्र घेऊ नये, एक दुसऱ्याला मारतं.

६ मार्च, गुरु.
अंग खाजवतायत सारखे. पाठीवर ओरखडे. जेवण नको म्हणतात, तोंडात लोखंडाची चव येते म्हणे. आणि उचकी. उचकी थांबतच नाही. "तुझी मामी आठवण काढतेय," म्हणाले. इफ्तारला खजूर तोंडात घालून तशीच काढून ठेवली.
आठवण इतकी कशाला काढेल कोणी.

११ मार्च, मंगळ.
उंट आडवा आला. रोजच येतात, नवीन नाही. मामूंनी ब्रेकवर पाय टाकलाच नाही. मी ओरडलो, स्टेअरिंग ओढलं, टँकर वाळूत गेला, उंट तसाच उभा. बघितलं तर मामूंचे डोळे उघडे. झोपले नव्हते. मला म्हणाले, "पाय कुठं हाय ते कळलं नाय."
मग बराच वेळ तिथेच बसलो. पाणी पिऊया का म्हटलं, रोजा आहे म्हणाले.
कोणाला सांगायचं नाही.

१३ मार्च, गुरु.
लिऊने आज विचारलं. म्हणजे आधी हाताची मूठ वळवून दंड उभा केला, मग केबिनमधल्या मामूंकडे बघून डोळा मारला. मला समजेना. फोन काढला. बाई बोलली:
"क्या चाचा की पत्नी अब प्रसन्न है?"
मी म्हटलं पत्नी इंडियात आहे. लिऊ हसला. बाई म्हणाली, "तो छुट्टी पर भेजो।"
मला अजून नीट कळलं नव्हतं. मग माझ्या फोनमधला मामूंच्या रिपोर्टचा फोटो दाखवला. म्हटलं ही किडनी, गुर्दा, ये वाला. आकडे त्याला वाचता आले. क्रिएटिनिनवर बोट ठेवून मोठं केलं, परत छोटं केलं. हसणं गेलं. मामूंकडे बघितलं, त्यांच्या चपलेतल्या पायांकडे बघितलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन हळू बोलला. बाईचा आवाज तोच, कमीजास्त होत नाही:
"वह दूसरा गुर्दा है। इस औषधि का गुर्दा मर्द की ताकत है। बीमार गुर्दे के लिए अस्पताल है।"
परत लावू का म्हणून त्याने विचारलं. नको म्हटलं.
पाणी उतरवून झालं होतं, पाइप गुंडाळायचं राहिलं. लिऊनेच गुंडाळला.

१४ मार्च, शुक्र.
जमालला विचारलं, तू त्या दिवशी का हसलास. म्हणे, "अरे भाई, गुर्दे का दवा, सब जानता है. मैं सोचा बुड्ढा शादी बनाएगा." सब जानता है. मी सोडून.
मामूंना रोज पाजलं. चकत्या सारख्या याव्यात म्हणून पट्टीने मापून कापायचो मी. त्यांच्या मुळावर मीच उठलो.

१५ मार्च, शनि.
सांगितलं.
टँकरमध्येच, गाडी उभी करून. जसं लिऊने सांगितलं तसं. दुसरा गुर्दा वगैरे. लाज वाटत होती, आईच्या भावासमोर कसं बोलायचं ते. तरी बोललो. चूक माझी, उद्या निझवाला जाऊ म्हटलं.
मामू ऐकत होते. उचकी चालू. मग म्हणाले, "कोणी पढवला तुला?"
"कोणी नाय."
"डॉक्टरनं? का मामीनं? तिला फोन केलास तू."
"नाय केला. मामू, तो चिनी स्वतः..."
"तेव्हा पण चिनीच बोलला होता. तेव्हा खरं, आता खोटं?"
तेव्हा पण मीच सांगितलं होतं, आता पण मीच.
"तू रुवीतून पळालास, सोहारहून पळालास. आता माझ्यापासून पळायला बघतोस. मला मशीनला बांधून."
गाडी चालू केली.

१८ मार्च, मंगळ.
बोलत नाहीत. माझ्या हातचं पाणीसुद्धा इफ्तारला घेत नाहीत. औषध स्वतः उकळतात आता. मी चकत्या फेकून द्याव्यात का? हात लावला तर डबा उशाशी घेऊन झोपले.
मध्येच मी अर्बाबच्या घराच्या दारापर्यंत गेलो. बेल न वाजवता परत आलो. चावी गेली की व्हिसा गेला, आणि ते मला आयुष्यभर माफ करणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर आयुष्य किती, तोही प्रश्नच आहे.

२२ मार्च, शनि.
मामू टँकर घेऊन एकटेच गेले. मला उठवलं नाही. जमालच्या मित्राची पिकअप घेऊन मागे गेलो, माहीतच होतं कुठे असतील.
उन्हात, वाळूत, त्या झुडपांपाशी बसलेले. कोंब सगळे सुकलेत. काळे पडलेत, हात लावला की भुगा. गरमी सुरू झाली की खलास. मामू तरी उकरतायत. ठिकठिकाणी खड्डे, एखादं कुत्रं उकरतं तसे. नखांतून रक्त. खाली काही नाही. नुसतं झुडपाचं मूळ, आणि तेही तुटलेलं.
म्हटलं मामू चला.
"खाली असतंच. पुढच्या वर्षाचं खाली असतं."
उठवायला गेलो तर उठता येईना. वजन नव्हतं अंगात, नुसतं पाणी. खांद्यावर घेऊन पिकअपमध्ये ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. श्वास करकर वाजत होता.
तिथूनच अर्बाबला फोन लावला.

२३ मार्च, रवि.
अर्बाब रात्रीच आले होते, आज सकाळी परत आले. म्हातारा ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. मामूंच्या खाटेवर बसले. त्यांची हिंदी अर्धी अरबी. "मेरा बड़ा बेटा पैदा नहीं हुआ, तब से तुम मेरा पानी चलाता. मेरे को नहीं बोला?"
मामू भिंतीकडे तोंड करून.
मी डबा दाखवला. अर्बाबने एक चकती उचलली, वास घेतला. "धानून," म्हणाले. त्या कोंबाचं इथलं नाव. "अम्मा भूखमरी में आग में भून के देता था हमको. हादा, ये, दवा?" मग मामूंच्या पाठीवर हात ठेवला. "मेरा बाबा किडनी में मर गया, भाई. घर के पीछे धानून ही धानून था."
मामूंची पाठ हलली. उचकी की काय ते कळलं नाही.
चावी अर्बाबने घेतली. उद्या निझवा. व्हिसाचं नंतर बघू, इन्शाल्ला.
मामींना मी फोन केला. एवढंच बोलल्या, "मला संशय होता. उगाच हसत होते फोनवर."

२४ मार्च, सोम. निझवा
बूट पायात जाईना. मी खाली बसून घालत होतो. मामूंनी पाय ओढून घेतला आणि चप्पल घातली. गाडीत पुढे अर्बाबच्या बाजूला बसले, मी मागे.
डॉ.ने आज लगेच मशीन सांगितलं. मानेत नळी घालणार. उशीर नको, फुप्फुसात पाणी आहे. अर्बाबने कागदावर सही केली, मामूंची पण पाहिजे. पेन हातात धरून बसले. नर्स आपलीच, केरळची, म्हणाली चाचा, साइन करो, देर मत करो. मामू कुठेच बघत नव्हते. अर्बाब नमाजला गेले.
मग मामूंनी माझं नाव घेतलं. किती दिवसांनी.
"इम्त्या. आत जाऊन बघून ये."
"काय बघू?"
"लोक कशी असतात ते. उस्मानसारखी हायत काय ते बघ. आणि खरं सांग. मला बरं वाटेल असं नाय सांगायचं. खरं."
नर्सने आत सोडलं. मी सगळ्या खाटांजवळून फिरलो. परत येऊन त्यांच्या समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. एक म्हातारा ओमानी झोपलाय, तोंड उघडं, हाताला गाठी आहेत, उस्मानमामासारख्याच. एक बाई रडत होती, आवाज नाही, नुसतं पाणी. एक आपला माणूस, पंजाबी असेल, मशीनला लावलेला, तरी फोनवर कोणाशी तरी भांडत होता, भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकले म्हणून. मला म्हणाला बाजूला हो, नेटवर्क जातंय. एक पोरगा माझ्या वयाचा. त्याला विचारलं दुखतं का. म्हणाला, सुई दुखती, बाकी बोर होता है. मशीनचा आवाज येतो, पंप चालू असल्यासारखा. वास येतो. मला आत फार वेळ थांबवलं नाही.
"अजून?"
अजून काही नाही म्हटलं.
"बरे होतात काय म्हणाला कोणी?"
कोणी म्हणालं नाही. मी विचारलं पण नाही.
मामूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, खूप वेळ, नोट खरी आहे का बघतात तसं. मी नजर खाली घेतली नाही.
हे बाकावर बसून लिहितोय. नर्स दोनदा बाहेर येऊन गेली. पेन अजून त्यांच्याच हातात आहे.
आत्ता विचारलं, "त्या पंजाब्याचे खिळे... भाडेकरूनं काढले काय शेवटी?"
म्हटलं, भांडण चालूच होतं.
"हं," म्हणाले.